तीनशे अक्षरांची अडगळ

मी एक तुकडा बोलतोय. जेमतेम तीनशे अक्षरांचा, माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या लांबलचक धाग्यात बसलेला. आमच्या जातीचं काम एकच: स्वतःची नक्कल काढायची आणि ती धाग्यात दुसरीकडे कुठेतरी चिकटवायची. त्यासाठी लागणारी अवजारंही आमची नाहीत. शेजारच्या मोठ्या तुकड्यांकडून उसनी घेतो.

तुमच्या प्रत्येक पेशीत माझे दहा लाखांवर भाऊबंद आहेत. बहुतेक जुने, झिजलेले, जागचे न हलणारे. शास्त्रज्ञ आम्हाला बरीच वर्षं अडगळ म्हणत. मग त्यांना कळलं, की असाच एक उपरा तुकडा शरीराने फार पूर्वी कामाला लावला, आणि आज त्याच्यावाचून गर्भाला पोसणारी वार पोटात नीट धरत नाही. अभिमान वाटावा असं आहे. मला काही वाटत नाही.

मी एका सुताराच्या बीजपेशीत जन्मलो. ज्या जनुकात पडलो, ते तुटलेला डीएनए सांधायचं काम करायचं. मी मधोमध बसलो आणि ते निकामी झालं. सुताराला पत्ताही नव्हता. त्याला मुलगी झाली, ती मला घेऊनच.

ती पोस्टात पत्रं वेगळी करायची. तिला दोन मुली झाल्या. थोरलीच्या वाट्याला मी आलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली आणि वर्षाच्या आत ती गेली. थोरली तेव्हा एकोणीसची, धाकटी अकराची. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने धाकटीची वेणी घातली, मोडली, पुन्हा घातली. रडली नाही.

पुढे थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागली. कडेवरून नुसतं बोट फिरवलं, की कुठे कंगोरा राहिलाय ते तिला कळे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्या बोटांना डोळे आहेत."

एकोणचाळिसाव्या वर्षी तिलाही गाठ आली. डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करवली. ती तपासणी एखादं चुकलेलं अक्षर बरोबर पकडायची. पण अख्खा तुकडाच मधे घुसलेला तिच्या नजरेतून निसटला.

"आनुवंशिक काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

धाकटी तोवर शाळेत गणित शिकवत होती. तिने सुस्कारा सोडला. आपल्या तपासण्या तिने पुढे ढकलल्या, त्या ढकललेल्याच राहिल्या.

औषधांनी गाठ गेली, पण थोरलीची बोटं बधिर झाली. कामावर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी एक भिंग कंगोऱ्यासकट गिऱ्हाइकाच्या हातात गेलं. मालकाने तिला काउंटरवर बसायला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

चार वर्षांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. जुने नमुने त्यांनी नव्या पद्धतीने वाचले होते. थोरली तिथे गेली, तेव्हा पडद्यावर बोट ठेवून त्यांनी मला दाखवलं. थोरली माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई यानेच गेली?"

"बहुतेक."

"आणि माझी बहीण?"

"शक्यता निम्मी. तपासायला हवं."

तिथून ती थेट शाळेत गेली. मधल्या सुट्टीत, वर्गाच्या दाराशी उभं राहूनच तिने सगळं सांगितलं.

"चार वर्षं मी निर्धास्त होते, ताई!" धाकटीचा आवाज चढला. "आणि आता सांगतेस?"

"मलाच आज कळलं."

घंटा झाली. धाकटी खडू हातात घेऊन वर्गात गेली.

निकालाला तीन आठवडे लागले. थोरली रोज काउंटरवर बसली, चष्मे पुसले, पावत्या फाडल्या. जेवण जाईना, तरी डबा संपवायची. मग एका दुपारी धाकटी दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि डोळ्यांना पदर लावला.

"काय आलं?" थोरलीने विचारलं.

"नाही. माझ्यात नाही."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?"

"तुलाच एकटीला का गं?"

थोरलीने थोडा विचार केला. "वाटणीत मिळालं. भांडायचं कुणाशी?" मग ती उठली आणि धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. बधिर बोटांना केस जाणवत नव्हते. पण तिने हात काढला नाही.

पुढच्या महिन्यात थोरलीची अंडाशयं काढायचं ठरलंय; माझ्यामुळे तिथेही गाठ होऊ शकते, तो धोका कमी व्हावा म्हणून. तिला मूलबाळ नाही. म्हणजे माझी वाट इथे संपली. ती जगेल तोवर मी तिच्या पेशीपेशीत गप्प बसून राहीन. ती खूप जगावी, असं म्हणायला हवं. माफी मागायला मला तोंड नाही, आणि असतं तरी काय मागणार होतो? कुठे पडायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. एवढंच सांगायचं होतं. येतो.