सुवाच्य वही

माझं अक्षर सुरेख आहे, अन् तिथेच घोडं अडलं.

चौदा वर्षं शाळेत फळा लिहून, अडतिसाव्या वर्षी मी नोकरी सोडली आणि पीएच.डी.ला लागले. प्रयोग साधाच. एका बशीत शंभर बिया, सातव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. कोमट पाण्यात भिजवलेलं बी जास्त उगवतं, हे मला दाखवायचं होतं. मोजताना वही भिजली, खाडाखोड झाली. असली गचाळ वही मॅडमना दाखवायची? मी शहाणीनं बाराही पानं नव्या वहीत सुंदर उतरवून काढली आणि जुनी वही फाडून रद्दीत टाकली.

मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांनी वही चाळली.

"एकही खाडाखोड नाही?"

मी खूश. "फेअर केलीय, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. "मूळ वही कुठाय?"

"फाडली."

"मग हे आकडे खरे कशावरून? सोमवारी समिती बसतेय. मूळ पानं आण, नाहीतर तुझी नोंदणी मला वाचवता येणार नाही."

शिकवणारी बाई मी, आता खोटारडी म्हणून घरी परत जायचं.

घरी पोचले तर रद्दी गेलेली. मी रद्दीचा रिकामा कोपरा धुंडाळत बसले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. काय हरवलंय ते सांगितलं.

"अगं, एक पान मी डब्यांखाली घातलंय. जाड होता कागद."

तेलाच्या डब्याखालून पान निघालं. मी तिथेच त्यांच्या पाया पडले.

"ऊठ, नाटकं पुरेत," त्या म्हणाल्या.

मग मी ते नव्या वहीशी ताडून पाहिलं. चौथी बशी, कोमट पाणी. पानावर बावन्न, वहीत बासष्ट. पुन्हा पाहिलं. तेलाचा डाग पार दुसऱ्या कोपऱ्यात होता, बावन्न लख्ख दिसत होते. शप्पथ सांगते, मी मुद्दाम केलं नव्हतं. पण उतरवताना चुकलेच, तर नेमके माझ्या सोयीचेच दहा कसे वाढले?

"सापडलं ना? मग तोंड का पडलंय?"

"काही नाही, आई."

पान परत डब्याखाली सरकवावं, असं मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? आकड्यापेक्षा मला त्या विचाराचीच जास्त भीती वाटली.

सोमवारी समितीच्या आधी ते तेलकट पान मी मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि चौथ्या बशीवर स्वतःच बोट ठेवलं. शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकत होत्या. मॅडमनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"हे एक पान. बाकीची अकरा?"

"रद्दीत गेली."

"त्यांत काय काय बदललंस?"

काहीच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. खोटं मला बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं.