भाऊबीजेला मागितलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी फ्रेम तपकिरी, उजवी काडी जरा सैल आणि काचा जाड. दिल्लीत करोल बागेतल्या एका दुकानात माझा जन्म झाला. लतिकाबाई तेव्हा सरकारी नोकरीत होत्या, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत. ऑफिसात त्यांच्याकडे हिशेबतपासणीचं काम असे. माझ्यामधून त्यांनी कितीतरी साहेबांची बिलं परत पाठवली. "मॅडम की नज़र से कुछ नहीं छूटता," असं शिपाईसुद्धा म्हणायचे, आणि मी नाकावर थोडा ताठ बसायचो.

घरी मात्र माझा मान वेगळा होता. त्यांचे थोरले भाऊ भालचंद्र मयूर विहारला राहत. ते कागदावर बोट ठेवत आणि म्हणत, "लते, इथे." की बाई सही करून मोकळ्या. मी पर्समध्येच. वडिलांच्या घरावरचा हक्क त्यांनी असाच सोडला. दादाचा कागद वाचायचा असतो, हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

पुढे भालचंद्रांना अर्धांगाचा झटका आला. जीभ शाबूत राहिली, पण उजवा पाय गेला, उजवा हात गेला. मुलगा मानस करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवत होता आणि त्यावर कर्ज काढून बसला होता. वडिलांच्या औषधाला त्याला सवड नव्हती. निवृत्तीनंतर नोएडाच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या लतिकाबाई दादाचं खातं बघायला पुढे आल्या.

बँकेतल्या बाईंनी त्यांना बसवून घेतलं. "मॅडम, खाते में अपना नाम मत जुड़वाइए. भाईसाहब से सिर्फ़ खाता चलाने का अधिकारपत्र लीजिए. पैसा उनका, कर्ज़ा भी उनका. आप बस उनका हाथ हैं."

तसंच झालं. भालचंद्रांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. बाई मला लावून त्यांच्या विजेचं बिल भरत, नर्सचा पगार देत, औषधं आणत. भालचंद्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझी बहीण म्हणजे चालतीबोलती बँक आहे!" ते माझे चांगले दिवस होते.

मग भाऊबीज आली. बाईंनी खुर्चीवर बसलेल्या दादाला ओवाळलं. निरांजन अजून तेवत होतं, तेवढ्यात मानसनं टीपॉयवर कागद पसरले.

"आत्या, चलो, तीन सह्या दे. इथे, इथे आणि इथे. बस फॉर्मॅलिटी आहे यार, बँकवाले अपडेट मागतायत."

"कसलं अपडेट?"

"बाबांचं खातं तूच बघतेस ना? तेच. सेम टू सेम."

लतिकाबाईंनी पेन घेतलं. मग म्हणाल्या, "माझा चष्मा दे रे पर्समधला."

भालचंद्र म्हणाले, "चष्मा? माझ्या कागदाला?"

"दादा, बारीक छापलंय."

"आजवर कधी लागला नाही तुला."

बाईंनी मला नाकावर ठेवलं. मी माझं काम केलं. पहिल्या पानावर दुकानाचं नवं कर्ज होतं. तिसऱ्या पानावर त्यांचं नाव, पेन्शन, नोएडाच्या घराचा पत्ता, आणि त्यापुढे लिहिलं होतं, सहकर्जदार.

"मानस, हे खातं बघणं नाही. हे तुझं कर्ज माझ्या डोक्यावर घेणं आहे. तुझं दुकान बसलं तर माझं घर जाईल."

"आत्या, बिल्कुल असं काही होणार नाही! तुला माझ्यावर भरोसाच नाही का?"

"दादाची सगळी कामं करीन. अंगात बळ आहे तोवर करीन. पण ही सही नाही."

भालचंद्रांनी मान भिंतीकडे वळवली. "भाऊबीजेच्या दिवशी भावाला नाही म्हणालीस, लते. जा आता."

त्या गेल्या, पण औषधं चुकली नाहीत, की नर्सचा पगार. भालचंद्र गोळ्या घेत आणि बोलत नसत.

पुढच्या भाऊबीजेला बाई तबक घेऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र ते बोलले. "चष्मा आणलायस ना? मग ओवाळायच्या आधी मला नीट वाचून घे."

बाईंनी मला काढून पर्समध्ये टाकलं आणि अंदाजानंच ओवाळलं. मी आतून फक्त ऐकत होतो. तबकात ओवाळणी पडल्याचा आवाज आला नाही.

त्या हिवाळ्यात भालचंद्र गेले. त्यांच्याबरोबर अधिकारपत्रही संपलं. मानसचं दुकान बंद पडलं, वसुलीवाले नोएडालाही आले. बाईंनी दारातच अधिकारपत्राचा जुना कागद दाखवला: खातं फक्त चालवायचं, कर्ज त्यांच्या नावावर नाही. त्यांनी तो वाचला, "सॉरी, आंटी" म्हणाले आणि निघून गेले. घर वाचलं. तेराव्याला मात्र बाईंना कुणी पान वाढलं नाही. "आत्यानं स्वतःचं बरोबर सांभाळलं," असं मानस सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. त्याच दादाचं शेवटचं औषधसुद्धा बाईंनीच आणलं होतं, हे कुणी म्हणालं नाही.

आता मी बहुतेक वेळ खिडकीत पडून असतो. बाईंना वाचायला फारसं काही उरलेलं नाही. काचांवर धूळ बसते, ती कुणी पुसत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सही करताना चष्मा मागेल. तो तुमचा अपमान समजू नका. काचा पुसून त्याच्या हातात द्या आणि त्याचं वाचून होईपर्यंत गप्प बसा.