शेवटच्या पबातल्या हातपंपाची कैफियत

मी एक जुना हातपंप आहे. मित्रांनो, हातपंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पंप आणि त्याच्यापुढे लागलेली बादल्यांची रांग आली असेल. मी तसला नाही. मी बिअरचा हातपंप. पबच्या काउंटरवर उभे राहायचे आणि खाली तळघरात ठेवलेल्या पिंपातून बिअर वर ओढायची, एवढेच माझे काम. तुमचे वय बिअर पिण्याचे नाही आणि तिची शिफारस करायला मी आलेलोही नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचे आहे. त्याला रोज तासभर बसायला एक जागा हवी होती. त्याची ती शेवटची जागा गेली, त्याला थोडाफार मीही कारण आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. पितळेचे नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचे दोन वायसर आणि वर काळ्या लाकडाची लांब मूठ. माझ्या एका ओढीत पाव लिटरहून थोडी जास्त बिअर वर येते. कारागिराने मला आधी पाण्यावर चालवून पाहिले. दहा वेळा ओढून दहाही वेळा मापाच्या भांड्यात पाणी धरले. रेघ हलली नाही. तो शेजाऱ्याला म्हणाला, "हा गडी लबाडी करणार नाही. नळीत असेल ते देईल." मला त्या वाक्याचा पुष्कळ वर्षे अभिमान वाटत होता.

मला ज्या रस्त्यावर आणले, त्याच्या एका टोकाला बॉयलरचा कारखाना होता, दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशन आणि मधे नऊ पब. कारखान्यातून सुटून थेट स्टेशनवर पोचणारा माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा, असे लोक गमतीने म्हणायचे. घड्याळाखालच्या पबाचा मालक घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकांची गाडी चुकायची नाही. पण सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळे गाडी चुकायची ती चुकायचीच. कोपऱ्यावरच्या पबात शिवणकारखान्यातल्या बायका शनिवारी दुपारी चपला काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसत. त्या वेळात तिथे पुरुषांनी यायचे नाही, असे कुठे लिहिलेले नव्हते. पण आला तर त्याची अशी काही चेष्टा होई की तो पुन्हा येत नसे. पायऱ्यांचा पब रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली होता. दार इतके बुटके की नव्या माणसाचे डोके आपटायचेच, आणि आपटले की आत बसलेले सगळे एका सुरात "या!" म्हणायचे.

मग कारखाना बंद झाला. पब लगेच गेले नाहीत. आधी दुपारी बंद राहू लागले, मग सोमवारी, मग एके दिवशी खिडक्यांना फळ्या. घड्याळाखालच्या पबाच्या जागी आता गाड्या उभ्या करतात. कोपऱ्यावरच्या पबात मोबाइल दुरुस्त होतात. पायऱ्यांच्या पबात भराव घालून त्या तीन पायऱ्याच बुजवून टाकल्या आहेत. आता तिथे कुणाचे डोके आपटत नाही.

आमच्या रस्त्याची एक रीत होती. पब बंद होण्याच्या दिवशी तिथल्या रोजच्या माणसाने आपला ग्लास सोबत घ्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या पबात बसू लागेल, तिथल्या फळीवर तो ठेवायचा. यापुढे त्याला त्याच ग्लासात द्यायचे. दुसऱ्या कुणाला त्यात ओतायचे नाही. आमचा पब सगळ्यांत शेवटी उरला, त्यामुळे आमच्या फळीवर एकतीस ग्लास जमले. माणसे मरत गेली, ग्लास राहिले. आमची मालकीण ते सगळे पुसून ठेवायची. शेवटी शेवटी एकतिसांपैकी चारच ग्लास ओले व्हायचे.

त्या चारांतला एक पोस्टमनकाकांचा. जाड बुडाचा, दहा पैलूंचा, पायऱ्यांच्या पबातला. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बायको जाऊन नऊ वर्षे झालेली, मुलगी दूरच्या गावी. रोज साडेअकराला दार उघडले की ते यायचे, खिडकीजवळ बसायचे आणि साडेबाराला जायचे. पिणे एकच ठरलेले: अर्धा ग्लास शेजारच्या पंपातली काळी बिअर, त्यावर अर्धा माझ्यातली पिवळी.

"मी बसू लागलो की पब बंद पडतो," ते मालकिणीला म्हणायचे. "तीन झाले. पोरी, तुला माझी भीती नाही वाटत?"

"काका, मला त्या छपराची भीती वाटते. ते तुमच्या आधी पबाला बसवेल."

"चेष्टा नको. हा गेला की मला जागा नाही. घरी बसलो तर भिंत बोलायला लागते."

"मी आहे तोवर दार उघडं राहील. झालं?"

"लिहून दे."

"पोस्टमनला काय लिहून द्यायचं? तुम्ही ते भलत्याच्या घरात टाकाल!"

काका हसायचे. पण हे बोलणे त्यांनी महिन्यातून एकदा तरी काढलेच, यावरून ते चेष्टेत बोलत नव्हते हे मला कळत होते.

आता माझ्या सफाईबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. बिअरच्या नळीत आतून एक बुरशीसारखा थर धरतो. तो काढायला आठवड्यातून एकदा नळीत तीव्र क्षाराचे पाणी भरतात, अर्धा तास तसेच ठेवतात आणि मग साध्या पाण्याने नळी भरपूर धुतात. शेजारच्या पंपाची सफाई मंगळवारी, माझी गुरुवारी. हे क्षाराचे पाणी दिसायला साध्या पाण्यासारखे असते. त्याला वास जवळजवळ नसतो. बोटांत धरले तर साबणासारखे निसरडे लागते, कारण ते कातडीवरचे तेल खात असते. माझे चामड्याचे वायसर त्यामुळेच दर दोन वर्षांनी बदलावे लागत. क्षार नळीत असेपर्यंत माझ्या मुठीवर एक ग्लास उपडा घालून ठेवायचा. उपडा ग्लास म्हणजे हात लावू नका. मालकिणीच्या नवऱ्याने पाडलेली पद्धत होती ती. तो गेल्यावरही तिने मोडली नाही. त्यासाठी कान तुटलेला एक ग्लास वेगळा ठेवलेला होता.

त्या गुरुवारी मालकिणीची दाढ सुजली होती. गालाला रुमाल बांधून ती आली, दहा वाजता नळीत क्षार भरला, आणि तो कान तुटलेला ग्लास तिच्या हातातून निसटून फुटला. तेवढ्यात दंतवैद्याकडून फोन आला की आत्ता येत असाल तर घेतो, नाही तर सोमवारी. तिने फळीवरचा हाताशी आलेला ग्लास उचलला आणि माझ्या मुठीवर उपडा घातला. तो काकांचा होता. तासाभराचा प्रश्न, गिऱ्हाइके येण्याआधी परतून नळी धुऊ, असे तिला वाटले असावे.

दार उघडायला तिने धाकट्या भावाला बोलावले होते. हा बाळ्या. वय छपन्न, आयुष्यभर बस चालवलेली, पण बहिणीच्या तोंडी बाळ्याच. त्याने पबात असे कधी काम केले नव्हते. मात्र ग्लासांची रीत त्याला माहीत होती, कारण त्या रस्त्यावर ती सगळ्यांनाच माहीत होती.

"ताई, तू जा. मी बघतो. उघडायचं आणि ओतायचं, त्यात काय एवढं!"

तिला तोंड उघडवत नव्हते. तिने माझ्याकडे बोट केले, उपड्या ग्लासाला टिचकी मारली आणि भावाकडे डोळे मोठे करून पाहिले.

"कळलं, कळलं," बाळ्या म्हणाला. "जा तू."

त्याला कळले ते असे, की हा काकांचा ग्लास काढून ठेवला आहे, ते आले की त्यांना यातच द्यायचे. फळीवरून एकच ग्लास खाली आलेला, तोही त्यांचा, आणि बहीण तो निक्षून दाखवते आहे. दुसरे काय समजणार? मित्रांनो, मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. रीत माहीत नसलेला एखादा परका माणूस असता, तर त्याने विचारले तरी असते की हा ग्लास असा का.

दंतवैद्याकडे तिला उशीर झाला. साडेअकराला काका आले.

"अरे, आज ड्रायव्हर? तिकीट काढावं लागेल का?"

"ज्येष्ठांना फुकट. बसा."

"पुढची सीट दे. आणि ओतताना ब्रेक मारू नकोस, फेस येतो."

बाळ्याने माझ्या मुठीवरून ग्लास उचलला, सुलटा केला, शेजारच्या पंपातून अर्धी काळी घेतली आणि मग मला ओढले. काळ्यावर काय पडले ते रंगावरून ओळखता येण्यासारखे नव्हते. मला ठाऊक होते. वायसरना चव कळते. पण कारागिराने मला बनवले तसाच मी होतो. नळीत जे होते ते दिले, मापात दिले.

काका पहिला घोट नेहमी मोठा घ्यायचे. त्यांनी ग्लास खाली ठेवला, गळ्याला हात लावला आणि उभे राहिले. खुर्ची मागे पडली. बाळ्या धावला. "काय झालं? काका, ठसका लागला का?" काकांना बोलता येईना. त्यांच्या हनुवटीवर सांडलेले बाळ्याच्या बोटांना लागले, ते निसरडे लागले, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिले. तसे पाहणे मी पुन्हा कुणाचे पाहू नये.

त्याच वेळी मालकीण दारात आली. तिचा अर्धा चेहरा सुईने बधिर केलेला होता. तिने पडलेली खुर्ची पाहिली, माझी रिकामी मूठ पाहिली आणि ती काहीतरी ओरडली. पण जबडा बधिर असल्यामुळे त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही.

काका वाचले. अन्ननलिका भाजून आक्रसली होती. डॉक्टरांनी पोटात थेट नळी बसवली. आवाज गेला, कुजबुज उरली.

चौकशीला पोलीस खात्याचे साहेब आले. काउंटरवर वही ठेवून त्यांनी विचारले, "चूक कुणाची?"

"माझी," मालकीण म्हणाली. "काकांचा ग्लास मी वापरला. तोंडाने एक शब्द सांगितला नाही."

"ओतलं मी," बाळ्या म्हणाला. "तिला मधे आणू नका."

"तू गप्प बस, बाळ्या."

"आयुष्यभर गप्पच बसलो. आता नाही बसणार."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "चूक दुसऱ्यावर ढकलणारे रोज भेटतात. चुकीवरून भांडणारे आज भेटले," ते म्हणाले आणि त्यांनी दोघांचीही नावे लिहून घेतली. त्या दिवसानंतर बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. राग म्हणून नव्हे. दोघांनाही समोरच्याचे तोंड पाहिले की तो गुरुवार दिसत होता.

पब बंद करायला कुणी सांगितले नव्हते. दंड भरून, नवे नियम लावून तो चालू शकला असता. मालकिणीने प्रयत्न केला. माझी मूठ धरायची, आणि न ओढताच सोडून द्यायची. आठ दिवसांनी तिने दाराला पाटी लावली.

दोन महिन्यांनी काका हॉस्पिटलातून सुटले आणि तडक आले. तिने कुलूप उघडून त्यांना आत घेतले.

"उघड," ते कुजबुजले.

"काका, नाही जमत मला."

"मला प्यायला नको आहे. आता पिता येतच नाही. मी नुसता बसेन."

"या पंपांकडे बघवत नाही हो."

"त्यांच्यावर चादर टाक."

ती रडत राहिली. "मग मी साडेअकराला कुठे जायचं, तेवढं सांग," ते म्हणाले. त्या हिवाळ्यात ते बंद दारासमोरच्या फुटपाथवर बाकड्यावर येऊन बसत. काही दिवस तीही शेजारी बसली. फेब्रुवारीत थंडी वाढली आणि एका सोमवारी बाकडे रिकामे दिसले. ती साडेबारापर्यंत थांबली. मग त्यांच्या घरी गेली. शेजाऱ्याने दार फोडले. काका खुर्चीत होते, बूट घालून.

मला स्क्रू काढून विकले. आज मी शहराच्या एका संग्रहालयात, बंद पडलेल्या पबांच्या दालनात आहे. मला पॉलिश केले आहे. माझ्याखालच्या पाटीवर लिहिले आहे: 'हातपंप, स्थिती उत्तम. गिऱ्हाईक कमी झाल्याने या रस्त्यावरील सर्व नऊ पब कालांतराने बंद पडले.' आठांच्या बाबतीत ते खरे असेल. आमच्या पबाचे एक गिऱ्हाईक दार बंद झाल्यावरही येत होते.

मित्रांनो, माझी जपणूक करा असे मी म्हणणार नाही. पितळ टिकते. तुमच्या घरात, प्रयोगशाळेत, कुठेही घातक पदार्थ ठेवाल तेव्हा खुणेवर विसंबू नका. बाटलीवर नाव लिहा. माणसाला तोंडाने सांगा, दाढ दुखत असली तरी सांगा, आणि त्याला काय कळले ते त्याच्या तोंडून ऐकून घ्या. ऐकणाऱ्यानेही 'कळलं, कळलं' म्हणण्याआधी एकदा विचारावे. आणि तुमच्या रस्त्यावरचे एखादे दुकान, वाचनालय, चहाची टपरी बंद होणार आहे असे कळले, तर तिथे रोज ठरलेल्या वेळी कोण येऊन बसते ते बघून ठेवा. त्याचे घर शोधा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच्या दारावर टकटक करा. बाकडे रिकामे दिसण्याच्या सोमवारची वाट पाहू नका.

नळीत काय आहे ते त्या गुरुवारी मला कुणाला सांगता आले नाही. तुम्हाला येते.