मी स्पोर्ट मोड नाहीये

मी पिवळा दिवा बोलतोय. चौकातला नव्हे हो. त्याला कोण विचारतो, तो दिसला की लोक उलट गाडी दामटतात. मी गाडीच्या आतला. स्टिअरिंगच्या मागे ती गोल घड्याळं असतात ना, त्यांच्या मधोमध नखाएवढं इंजिनाचं चित्र आहे. तो मी. इंजिनात काही बिनसलं की मी लागतो. बस, एवढंच काम. समोरच्याला धक्का द्यायचा. पण गंमत बघा, आयुष्यभर धक्के मलाच बसत आलेत, आणि एकेक असा की ऐकाल तर गार पडाल.

जन्म माझा जर्मनीतला. आमची गाडी दिसायला अगदी घरगुती, चार दारं, मागे बॅगांना ऐसपैस जागा. पण पोटात सहा सिलिंडरचं इंजिन. सुटाबुटातला पैलवान म्हणा ना. त्या इंजिनावर नजर ठेवायची नोकरी मला मिळाली. मी काय हरखलो होतो! वाटलं, आता आपला शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

कसलं काय. आम्हा दिव्यांच्या घरात सगळ्यात लाडका तो पेट्रोलचा. तो लागला की मालक हातातलं काम टाकून पंपावर हजर. सीटबेल्टवाला कटकट्या, पण त्याला गळा आहे, ठणाणा करून मनासारखं करून घेतो. मला आवाजच नाही. मी नुसता लागतो आणि वाट बघतो, कुणीतरी बघेल म्हणून.

पहिला मालक डोळ्यांचा डॉक्टर. त्याची नजर तयार. मी आयुष्यात पहिल्यांदा लागलो, त्यानं चष्म्यावरून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि त्याच आठवड्यात गाडी विकायला काढली. दुरुस्ती नाही, चौकशी नाही, काही नाही. मी चाटच पडलो. जुन्या गाड्यांच्या दुकानात कुणीतरी यंत्र लावून मला विझवलं, गाडीला पॉलिश मारलं आणि आम्ही पुन्हा नव्या नवरीसारखे उभे.

तिथे आला टर्बो.

त्याचं खरं नाव घरचेही विसरलेत. बोलणं फास्ट, चालणं फास्ट, जेवण फास्ट, फक्त सकाळी उठणं तेवढं स्लो. कुठल्याशा ऑफिसात जाहिरातींमधली चित्रं हलवायचं काम करतो. गाडी बघताक्षणी त्याचं डोकंच फिरलं. आई-बाबांना दाखवायला घेऊन आला तेव्हा बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हत्ती घेता येतो रे. पोसता येतो का ते बघ."

"बाबा, जर्मन आहे ही. बंद पडणं हिला माहीतच नाही."

हे वाक्य त्यानं उच्चारलं आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कारण एकदा छाती ठोकून असं म्हटलं की मग गाडी बंद पडली तरी ती बंद पडलीय असं सांगता येत नाही.

आधी डाव्या बाजूची काच खाली गेली ती वर यायलाच तयार नाही. टर्बो घरी म्हणाला, हवा छान येते. मग इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी तडकली, पार्किंगमध्ये हिरवं थारोळं. टर्बो म्हणाला, एसीचं पाणी असेल. मग एका सकाळी इंजिन थरथरलं आणि मी लागलो. टर्बो घरी काहीच म्हणाला नाही. ऑफिसची जेवणाची सुट्टी गाठून थेट मिस्त्रीकडे.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. "वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. तेल झिरपतंय आणि प्लगच्या खड्ड्यात साठतंय. त्या तेलात प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल मार खातायत. पॅकिंग बदला, प्लग-कॉइल सगळे सहाच्या सहा बदला."

"कधी होईल?"

"पार्ट बाहेरून मागवावे लागतील. येतील तेव्हा येतील. तोवर गाडी घरी उभी ठेवा."

गाडी घरी उभी ठेवायची म्हणजे बाबांना कारण सांगायचं. टर्बोनं मान खाजवली. "पार्ट मागवून ठेवा. पण तोवर हा दिवा तेवढा घालवता येईल का?"

"दिवा जाईल. बिघाड नाही जाणार."

"चालेल."

चालेल? मी ऐकतच राहिलो. अहो, ताप आलाय म्हणून थर्मामीटर फोडायचा आणि म्हणायचं पेशंट बरा झाला! पण मला विझवलं. दोन दिवसांनी मी परत लागलो, कारण आजार जागच्या जागीच होता. मग या पठ्ठ्यानं काय करावं? मला विझवायचं छोटं यंत्रच मागवलं ऑनलाइन. रोज सकाळी पार्किंगमध्ये बसून, इकडेतिकडे बघत, स्टिअरिंगखाली ते खुपसायचं आणि माझा गळा दाबायचा. मी संध्याकाळपर्यंत परत हजर. असं आमचं चाललं होतं.

आणि मग तो रविवार. कुणाला तरी भेटायला तिघं निघाले. आई मागे, बाबा पुढे. बाबा शेजारी म्हटल्यावर यंत्र काढायची सोय नाही. मी आपला लागलेला.

बाबा वाकले. बोट माझ्यावर. "काय रे, हा पिवळा दिवा कसला?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. अखेर कुणीतरी विचारलं होतं. आता सांगेल, आता खरं सांगेल.

टर्बो म्हणाला, "तो... स्पोर्ट मोड आहे बाबा."

मी गार.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी जोशात असली की लागतो."

"आणि जोशात नसली की?" मागून आई.

"मग विझतो."

"मग तुझ्यावरच गेलीय."

ते हसले, आणि मी तिथे स्पोर्ट मोड होऊन बसलो. मला शब्दच सुचेना, म्हणजे तसे मला कधीच सुचत नाहीत, पण त्या दिवशी जास्तच. आजाऱ्याच्या कण्हण्याला गाणं म्हणावं, तसलं हे.

बाबांची मात्र कळी खुलली. हा माणूस पाणीपुरवठा खात्यात हिशेब बघून निवृत्त झालेला. आपली छोटी पांढरी गाडी ते जन्मभर अशी चालवत आलेत की सायकलवाले मागून घंटी मारतात. त्यांच्या पोराच्या गाडीत स्पोर्ट मोड! लिफ्टमध्ये सांगितलं, वॉचमनला सांगितलं. शेजारच्या वकीलकाकांना तर चक्क खाली आणून बसवलं आणि मी लागलो तसे म्हणाले, "बघा, आली जोशात." वकीलकाकांनी मान डोलावली. एवढा शिकलेला माणूस, उलटतपासणीचा धंदा, आणि एक प्रश्न विचारला नाही.

पार्ट काही येईनात. आणि एका सकाळी पार्किंगमध्ये येऊन बाबा टर्बोला म्हणाले, "आज तुझी गाडी नेऊ का? आईला घेऊन आत्याकडे जाऊन येतो. तिला एकदा दाखवायचीय."

बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी टर्बोच्या तोंडाकडे बघत होतो. नाही म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं. त्याचे ओठ हलले. म्हणाला, "न्या ना. सावकाश न्या फक्त."

निघाले. बाबांचा डावा पाय क्लच शोधत होता, या गाडीत तो नाहीच. पहिला अर्धा रस्ता नेहमीसारखा, अगदी कडेनं. पाठीवर कपाट बांधलेला टेम्पोसुद्धा आम्हाला ओलांडून गेला. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला आणि माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, "लागलाय गं. दाबू का जरा?"

"तुमचं वय काय, तुम्ही बोलताय काय."

दाबली त्यांनी. अहो, त्यांचा चेहरा बघायला हवा होता. शाळा बुडवून पळालेल्या पोरासारखा. मी ज्याच्यासाठी जीव टाकत होतो तोच माणूस माझ्या डोळ्यांसमोर इतका खूश, आणि नेमक्या त्याच क्षणी एक कॉइल गेली.

आता हे नीट ऐका. माझी दोन रूपं आहेत. नुसता लागलो, तर गाडी दाखवून घ्या. लुकलुकायला लागलो, तर पाय उचला, थांबा, आत्ता. कारण सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन गाडीच्या पोटाखाली पेटायला लागलेलं असतं. मी लुकलुकलो. होता नव्हता तेवढा जीव काढून लुकलुकलो.

"आता तर नाचायलाच लागला," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी दाबली.

माझ्या ओरडण्याला टाळ्या समजणारं जगात दुसरं कुणी असेल का हो?

"अहो, गाडी उचक्या देतेय," आई म्हणाली.

"जोश आहे तो."

"जोशाला जळका वास येतो का? थांबवा आधी."

थांबवायची तशी गरजच पडली नाही. गाडीचं अवसानच गेलं. कशीबशी एका फर्निचरच्या गोदामासमोर कडेला लागली. खालून धूर. आईनं बाबांना दंडाला धरून बाहेर ओढलं, लांब नेऊन उभं केलं. गोदामातले दोघेतिघे लाल डबा घेऊन धावले, पांढरी भुकटी मारली, आणि ते तेवढ्यावर निभावलं. अजून थोडं पुढे गेलो असतो तर काय, हे मला बोलवत नाही.

टर्बो टो-गाडीतून पोचला. बाबा उन्हात उभे होते, हातात चावी. पोराला बघून त्यांनी आधी मानच खाली घातली.

"माझ्या हातून गेली रे. मी दाबली. आई नको म्हणत होती."

बोल, मी म्हटलं. आता तरी बोल.

टर्बोचा चेहरा पांढराफटक. त्यानं चावी घेतली आणि म्हणाला, "असू दे बाबा. होतं असं."

असू दे. चोरानं घरमालकाला मोठ्या मनानं माफ करून टाकलं. माझ्या आयुष्यातले सगळे धक्के एका पारड्यात आणि हे दोन शब्द दुसऱ्यात.

मग गॅरेज. पार्ट आले, पॅकिंग बदललं, प्लग-कॉइल सगळे नवे, पोटाखालची जळकी नळीही बदलली. मी विझलो, या खेपेला खराखुरा. गाडी घरी आली. पण बाबा आता पुढे बसेनात. बसायची वेळ आलीच तर मागचं दार उघडायचे, आणि हात मांडीवर ठेवून बसायचे, कशाला लागू नयेत असे.

परवा टर्बो आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. येताना ती म्हणाली, "छोटी गाडी विकायला काढलीय त्यांनी. उद्या माणूस येणार बघायला."

"का?"

"म्हणतात, आता हात थरथरतात. कुठे थरथरतात? माझ्यासमोर सुईत दोरा ओवतात. म्हणतात, पोराच्या गाडीची वाट लावली, उद्या रस्त्यात कुणाला उडवेन."

टर्बोनं गाडी बाजूला घेतली. "आई, त्यांच्यामुळे नाही गेली गाडी. तो स्पोर्ट मोडचा दिवा नव्हताच. बिघाडाचा होता. मला माहीत होतं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. गाल सुजलेला, त्यामुळे ती रागावलीय की रडणार आहे ते मला कळेना.

"मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं ते खाली गाडी धूत बसलेत, विकायची म्हणून."

घरी पोचलो तेव्हा बाबा होते पार्किंगमध्ये. बादली, फडकं. टर्बो उतरला आणि त्यानं आमच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. "बाबा, इथे बसा ना जरा."

"नको रे. ओले हात आहेत."

"बसा हो," आई म्हणाली.

बसले. टर्बो दाराशी उकिडवा बसला, हात लांब करून त्यानं चावी अर्धी फिरवली. अशी फिरवली की आम्ही सगळेच दिवे क्षणभर लागतो, आपण जिवंत आहोत हे दाखवायला. मीही लागलो. बाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"लागला. मी काही केलं नाही हं."

ते ऐकून टर्बोनं चावी सोडून हात मागे घेतला. मग बोलला. पॅकिंग, तेल, ते यंत्र, सगळं. इतका सावकाश बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. शेवटी म्हणाला, "तुम्ही दाबली नसती तरी गेली असती. आज नाही तर उद्या. मी वाचलो, तुम्ही सापडलात."

बाबा समोर बघत होते. फडक्याचं पाणी मांडीवर गळत होतं.

"तुला माहीत होतं. आणि आईला तिच्यात बसू दिलंस."

"हो."

"वर मला म्हणालास, असू दे."

"हो."

मग बाबांनी फडकं पिळलं, बाहेर बादलीत टाकलं, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला.

"दार लाव. पलीकडून येऊन बस."

टर्बो मुकाट्यानं जाऊन बसला. आई मागे होतीच. बाबांनी गाडी सुरू केली, मी विझलो, आणि आम्ही निघालो. त्याच गावाबाहेरच्या रस्त्याला. फर्निचरचं गोदाम मागे पडलं. समोर मोकळा रस्ता आला तेव्हा टर्बो हळूच म्हणाला, "बाबा, मी..."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. हिच्यात खरा स्पोर्ट मोड कुठाय तेवढं दाखव."

टर्बोनं गिअरच्या दांड्याशेजारचं बटण दाखवलं. बाबांनी ते दाबलं. मग पाय दाबला. आई मागून म्हणाली, "अहो," आणि तिनं आपला सीटबेल्ट ओढून घेतला.

मी अंधारात बसून सगळं ऐकत होतो. इंजिन गात होतं, सहाच्या सहा सुरांत. आजही मी अंधारातच आहे, मजेत आहे. छोटी गाडी विकली गेली नाही, बाबा टर्बोशी अजून मोजकंच बोलतात आणि रोज त्याच्याकडून या गाडीची चावी मागून नेतात.

तुमच्याही गाडीत माझा एक भाऊ असेल. तो लागला तर घाबरा, चिडा, वाटलं तर शिव्या द्या, त्याला सवय आहे. फक्त शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "हा कसला दिवा," तर त्याचं खरं नाव सांगा. येतो मी. बाबा चावी घेऊन जिना उतरतायत, मला क्षणभर लागायचंय.