सख्ख्या मामाविरुद्ध साक्ष

“टूथब्रश घातलास ना?” कोर्टाच्या पायरीवर धाकटीनं मला विचारलं.

घातला होता. दोन जोड कपडे, टॉवेल, डोकं दुखलं की लावायचा बाम, सगळी बॅग मीच भरली होती. लोक साक्ष द्यायला कागद घेऊन जातात. आम्ही तुरुंगात राहायच्या तयारीनं निघालो होतो. काय करणार! माझी ही बहीण इस्पितळातल्या चादरी धुते, नाकासमोर चालते, पण परदेशी गेली ती दुसऱ्याच बाईच्या नावाच्या पासपोर्टवर. तो तिच्या हातात ठेवला आमच्या सख्ख्या मामानं. शिवणकामाची नोकरी आहे म्हणाला. तिकडे एका घरात दोन वर्षं कोंडून राबवलं तिला. शेजारणीनं पोलिसांना कळवलं म्हणून सुटली. आता मामा आरोपी आणि ही साक्षीदार.

“पासपोर्टाचं तोंडातून काढू नकोस,” असं मी आठवडाभर तिच्या कानीकपाळी ओरडत होते. सरकारी वकीलबाई म्हणत होत्या, “खरं तेच सांगा, काही होणार नाही.” त्यांना म्हणायला काय जातं! संध्याकाळी त्या आपल्या घरी जाणार.

धाकटी साक्षीला उभी राहिली आणि मामाचा वकील नेमका त्याच मुद्द्यावर आला.

“पासपोर्ट दुसऱ्याच्या नावाचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी डोळ्यांनी खुणा करत होते. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

“होतं. विमानतळावर कळलं. मामा म्हणाला, बोललीस तर आधी तूच आत जाशील. म्हणून गप्प बसले.”

“म्हणजे राजीखुशीनं गेलात!”

“शिवणकामाला खुशीनं गेले. कोंडून घ्यायला कोण खुशीनं जातं, साहेब?”

झालं, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला हिनं! न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

“फसवून नेलेल्या माणसाच्या होकाराला कायदा होकार मानत नाही,” त्या वकिलाला म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. “आणि त्या पासपोर्टबद्दल तुमच्यावर खटला होणार नाही. तुम्ही साक्षीदार आहात, बाई. साक्ष झाली की घरी जा.”

घरी जा! माझ्या जिवात जीव आला. बाहेरच्या बाकावर बसून, त्या फुगलेल्या बॅगेकडे बघून आम्ही इतक्या हसलो की शिपाई “हे कोर्ट आहे” म्हणून दटावून गेला. हसता हसता धाकटी रडायला लागली, मग मीही.

बसथांब्यावर मामी उभी होती. मामाला अटक झाल्यापासून तिनं आमच्याशी अबोला धरला होता. आता ही चारचौघांत तमाशा करणार, असं मला वाटलं. मीही जिभेला धार लावून तयार झाले.

मामी जवळ आली, पण तिचा आवाज चढला नाही.

“ह्यांना पकडलं ना, त्याच्या आदल्या दिवशी आपल्या बेबीचे फोटो काढून आणले होते ह्यांनी,” ती धाकटीला म्हणाली. “पासपोर्टासाठी. मला काही कळलंच नाही गं.”

बेबी म्हणजे तिची एकुलती एक लेक.

बस आली, खच्चून भरलेली. धाकटी सगळ्यांच्या पुढे घुसली, दोन माणसांची जागा धरून बसली आणि तिनं खिडकीतून हाक मारली, “मामी, ये लवकर!”

मी उभ्यानंच घरी आले.