टेबल झालेलं दार

मित्रांनो, माझ्यावर ताटं मांडतात, पण मी टेबल नाही. मी दार आहे. आडवं पडलेलं.

दाराला दोन बाजू असतात, बाहेरची आणि आतली, हे तुम्हाला सांगायला नको. दार आडवं केलं की बाहेरची बाजू वर येते आणि आतली खाली जाते. माणसांच्या हे लक्षात येत नाही. एकदा वाकून माझ्याखाली बघा. तिथे अंधार आहे आणि माझी लोखंडी कडी आहे. ते घर. तुम्ही खुर्च्या मांडून जेवायला बसता, ती पायरी.

बाहेरची बाजू

अळणावरच्या रानातल्या सागाचं मी. हुबळीच्या एका जुन्या गल्लीत सुताराने मला चौकटीत बसवलं. घर यशवंतरावांचं. ते कोर्टात कारकून होते. त्यांची बायको मथुरा दर शुक्रवारी उंबऱ्याला हळदकुंकू लावायची आणि माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल. मी आवाज करत नसे. येणारे-जाणारे म्हणत, "यशवंतरावांचं दार बघा, लोण्यासारखं फिरतंय."

त्यांचा एकुलता मुलगा गोविंद, आईला 'अव्वा' म्हणणारा. कॉलेज अर्धवट सोडून तो गोव्याला हॉटेलात नोकरीला निघाला, तेव्हा बाप म्हणाला, "या दारातनं परत आत यायचं नाही." गोविंद बॅग घेऊन बाहेर पडला आणि त्याने मला मागे हळूच ओढून घेतलं. चिडलेली माणसं दार आपटतात. त्याने आपटलं नाही.

पुढे त्या नव्वदच्या दशकात एक अफवा गल्लोगल्ली फिरली. दिवे लागले की कुणीतरी दारोदार हिंडतं, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, आणि 'ओ' दिली की संपलं. भूत दोनदा हाक मारतं, माणूस तिसऱ्यांदाही मारतो. म्हणून तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. आणि दारावर लिहायचं, 'नाळे बा'. उद्या ये. ते वाचतं, परत जातं, उद्या येतं, पुन्हा तेच वाचतं.

शेजारची मंगला खडू घेऊनच आली.

"मथुराक्का, सगळ्या गल्लीनं लिहिलं. तुमचंच दार कोरं."

"मराठीत लिहू काय गं?"

"अय्य! हुबळीचं भूत ते. कन्नडच वाचणार की!"

दोघी हसल्या. मथुरेने माझ्यावर लिहिलं. तिचं अक्षर गोल, मोठं, कुणीही ओळखावं असं.

आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीला,

टक टक.

"अव्वा."

आत मथुरा निरांजन घेऊन उभी होती. यशवंतरावांनी हात आडवा केला. "थांब. तिसरी हाक होऊ दे."

"अव्वा, मी."

मग रस्त्यावरचा दिवा लागला आणि गोविंदला अक्षरं दिसली. गोव्यात ही अफवा पोहोचलीच नव्हती. बापाने काय सांगितलं होतं, तेवढंच त्याला ठाऊक होतं. आता आईच्या अक्षरातही तेच. त्याने अक्षरांवरून बोटं फिरवली. खडू बोटांना लागला.

तिसरी हाक आली नाही.

सकाळी मंगला पाण्याच्या नळावर म्हणाली, "काल गोविंद आला होता की! बॅग होती हातात. तुम्ही गावाला गेला होता काय?"

मथुरेने कळशी तिथेच सोडली. धावत येऊन तिने पदराने माझ्यावरची अक्षरं पुसून काढली. यशवंतराव तांबडा तेलरंग घेऊन बाहेर आले.

"आपल्या माणसाचा आवाज काढतंय ते. तेच तर सांगतोय."

"मंगलानं डोळ्यांनी बघितलंय की हो!"

"रूपसुद्धा घेतंय."

त्यांनी तेलरंगात तेच दोन शब्द लिहिले. ते पदराने पुसले जाणार नव्हते. गोविंदची त्यानंतर कुठलीच बातमी आली नाही. गोव्याच्या हॉटेलात तो परत पोहोचलाच नव्हता.

पण रंग लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला टकटक झाली. मी पाहिलं. पायरीवर कोणी नव्हतं. तरी बोटांची पेरं मला कळत होती, कारण मी लाकूड आहे. बोटं तांबड्या अक्षरांवरून फिरली. थांबली. गेली.

रोज.

रोज मथुरा आतून येई. कडीवर हात ठेवी. बाहेर ती बोटं, आत हिचा तळवा, मध्ये फक्त माझी जाडी. माझा जीव फळ्याफळ्यांतून ओरडे, उघड. तिचा हात खाली येई. यशवंतराव वारले. तरी खाली येई.

मग घर विकलं गेलं. मथुरा धारवाडला भाचीकडे गेली आणि मी हातगाडीवरून दुर्गदबैल बाजाराच्या मागे जुन्या लाकडाच्या दुकानात. मला तिथे भिंतीला लावून ठेवलं होतं, अक्षरं बाहेर. टकटक तिथेही येई. वाचून जाई.

आतली बाजू

सुमंत आणि मधुवंतीचं नुकतंच लग्न झालं होतं. केश्वापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यांचं पहिलं घर, आणि घरात एक गादी आणि एक स्टोव्ह. मधुवंती शाळेत शिकवायची. विकत आणण्याजोगी ऐपत नव्हती, म्हणून ती सगळं हाताने करायची. आईच्या विरलेल्या इरकली साड्यांचे पडदे. विटांवर फळ्या टाकून पुस्तकांची मांडणी. मडक्याला भोकं पाडून दिव्याची टोपी, तिच्यातून भिंतीभर चांदण्या पडायच्या. सुमंत तारिहाळच्या कारखान्यातून मालाच्या खोक्यांच्या फळ्या आणायचा. तो म्हणे, "मधू, पाहुणे आले तर बसतील कुठं? विटांवर?"

"तू बस विटांवर. पाहुण्यांना टेबल करणार आहे मी."

तिने मला दुकानात पाहिलं आणि तळहात फिरवला. कित्येक वर्षांनी माझ्यावर कुणी प्रेमाने हात ठेवला. आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणून ती बाजू खाली. सपाट ती वर. सुमंतने पाइपाचे चार पाय जोडून आणले. मधुवंती पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत बसली आणि गाणं गुणगुणत, घाम पुसत, तिने तो तांबडा रंग खरवडून काढला. आधी 'नाळे'. मग 'बा'.

मित्रांनो, मी घाबरलं नाही. मला वाटलं, आता.

वॉर्निश वाळलं. मधुवंतीने वर क्रोशाचा रुमाल घातला, बाटलीत मनीप्लांट ठेवला. मैत्रिणी आल्या. "दाराचं टेबल? काय डोकं गं तुझं!" दिवेलागणी झाली. तिने चहाचे कप मांडले आणि

टक टक.

कपांतला चहा हलला. मैत्रिणींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात मांडीवर होते.

बोटं अक्षरं शोधत माझ्यावरून फिरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. अक्षरं नव्हती. 'उद्या' नव्हतं. म्हणून ती गेली नाहीत.

टक टक. स्वयंपाक होत असताना. टक टक. जेवताना, भाताच्या ढिगाशेजारी. वॉर्निशवर बोटांचे पांढरे माग उठत, खडूसारखे. मधुवंती पुसायची, पुन्हा उठत. मैत्रिणी यायच्या थांबल्या. सुमंत कोपऱ्यात गादीवर ताट घेऊन बसू लागला.

"रविवारी करवत आणतो," तो म्हणाला. "तुकडे करून बंबात. कोप्पीकर रोडवरनं घडीचं टेबल आणू, हप्त्यानं."

"माझ्या हातचं आहे ते."

"कुणाच्या हातचं ते आधी बघ!"

ती म्हणाली, "बघतेच. तोवर करवत आणू नकोस."

तिने दुकानदाराला विचारलं, दुकानदाराने गल्ली सांगितली, गल्लीत मंगला भेटली. मंगलाने सगळं सांगितलं आणि धारवाडचा पत्ताही दिला. शनिवारी दुपारी मधुवंती मथुरेला रिक्षातून घेऊन आली. मथुरा वाळून गेली होती. पण कडीवरचा हात तोच.

तिने मला पाहिलं. रुमाल काढला. पांढऱ्या मागांवर हात ठेवला.

"अक्षर कुठाय?"

"मी घासलं, मावशी. मला ठाऊक नव्हतं."

"बरं केलीस," मथुरा म्हणाली. "माझ्यानं झालं नसतं."

"ओ द्यायची असेल तर द्या," सुमंत फ्लॅटच्या दारापाशीच उभा राहून म्हणाला. "नाहीतर उद्या मी हे कापणार. बायको घाबरून अर्धी झालीय माझी."

"मी कुठं घाबरलेय? तूच कोपऱ्यात जेवतोस!"

मथुरेने माझ्याभोवती एक फेरी मारली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. "इकडं नव्हे," ती म्हणाली. "ही बाहेरची बाजू." आणि पदर खोचून, गुडघ्यांवर हात देत, ती वाकली आणि माझ्याखाली गेली. आत. घरात. डोकं माझ्या पट्टीला लागलं. तिने चाचपून कडी शोधली.

उन्हं उतरली. मडक्यातला दिवा लावायलाही कोणी उठलं नाही.

टक टक.

तळवा कडीवर. मला वाटलं, आता खाली येईल.

"ओ!" मथुरा म्हणाली. मोठ्याने, गल्लीत ऐकू जावं तशी. "ओ रे, आले! आहे मी!" आणि कडी ओढली.

गंजलेली कडी किंचाळली. चार पाइपांवर, वॉर्निश लावलेलं, जागचं न हलता, मी उघडलं. माझ्यातून कोणीतरी आत गेलं. प्रवासाची धूळ, समुद्राचा वास, एक जड बॅग. इतकी वर्षं मी दार होतं, पण दार असणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

खाली मथुरा थोडी सरकली, एकाला जागा करून देतात तशी.

"वाळलास किती," ती म्हणाली.

सुमंत भिंतीला टेकून खाली बसला होता. मधुवंतीने पाण्याचा पेला भरून माझ्याखाली सारला. मग दुसरा भरला आणि तोही सारला. कोणाच्या तरी हाताने तो आत ओढून घेतला. मथुरेचे दोन्ही हात तर पदरात होते.

सुमंतने करवत आणली नाही. आता माझ्यावर चहा हलत नाही. मैत्रिणी येतात आणि कोपरं टेकून हसतात.

मित्रांनो, जुनं दार घरी आणलंत तर त्याचं टेबल करा, मांडणी करा, लाकूड वाया घालवू नका. त्याला ओल लागू देऊ नका, कडीला तेल घाला. पण कुणी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेसाठी थांबू नका. काही माणसांच्या अंगात दोनच हाकांचं बळ असतं.