विहीणबाईंनी परतवलेलं दूध

"ह्योबी पेला तसाच! अवो, तोंडसुदीक लावलं न्हाय तिनं!" आमच्या बायकोने, शांतादेवीने, राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या बाकावर पेला आपटला.

'ती' म्हणजे आमच्या विहीणबाई, गालिना. कालच बेलारूसहून आल्या. पोरगा वीरेश तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला आणि येताना त्यांची एकुलती एक लेक, ओल्गा, लग्न करून घेऊन आला. विहीणबाई आल्या त्याच रात्री ओल्गाला कळा सुरू झाल्या. वीरेश तिच्यापाशी. मग त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणार कोण?

मी जन्मभर म्हशी राखल्या, घरोघर दूध घातलं. पाहुण्याला दूध-दही द्यायला कोल्हापूरकराने हात आखडला तर शपथ! पण ही बाई दूध नको, दही नको, लोणी नको, चहासुद्धा नको. कोरडी भाकरी आणि खर्डा खाऊन बसली.

"आमच्या घरचं चालत न्हाय तिला," शांतादेवी रडकुंडीला आली. "बाळ-बाळंतिणीला घिऊन जाणार बगा ती!"

मलाही आतून तीच धास्ती होती. नातवंडाचं तोंड काय मोबाईलवर बघायचं?

विहीणबाई कोपऱ्यात देवाची एक छोटी तसबीर हातात धरून पुटपुटत होत्या. वीरेश बाहेर आला तसा शांतादेवीने त्याला धरलाच. "इचार तिला, आमच्या दुधात काय माती हाय व्हय?"

"आई, उपास हाय त्यांचा. ईस्टरच्या सणापातूर मटण-अंडी न्हाय, दूध-तूपबी न्हाय. गडबडीत सांगायचं इसरलो की."

"आता सांगतोस व्हय रं, गाढवा!" तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. माझा तर जीव भांड्यात पडला. "आन् त्या काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"प्रार्थना. जुन्या स्लाव्ह भाषेतली. त्यांच्या देवळात तीच चालती. त्यांनाबी समदी कळत न्हाय."

"मग काय झालं?" शांतादेवी म्हणाली. "आमच्या मठातल्या स्वामींचं संस्कृत मला तरी कुठं कळतंय? देवाला कळतंय की."

आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ती विहीणबाईंना खेटून बसली.

दुपारी नात झाली. दोघी सुखरूप! आत गेल्यावर शांतादेवीने ओल्गासाठी पेला भरला, तर तो विहीणबाईंनीच हातात घेतला. फुंकर घातली, त्यावर बोटांनी क्रूस काढला आणि लेकीच्या तोंडाला लावला. बाळंतिणीला त्यांच्यात उपासाची सूट असते म्हणे.

"पाज बाई, समदं पाज," शांतादेवी म्हणाली. "तुझ्या वाटणीचंबी तिलाच."